डावं कोपर

आरळेवाडीच्या भैरोबाच्या जत्रेत बायकांची एक शर्यत असते. देवळाच्या पायरीपासून खालच्या विहिरीपर्यंत अनवाणी पळायचं, आणि बक्षीस तांब्याची घागर. या शर्यतीला नियम एकच: कोपर चालतं, केसाला हात लावायचा नाही. हा नियम कुणी घालून दिला ते भैरोबालाच ठाऊक, पण लेकी, सुना, माहेरवाशिणी सगळ्या तो निमूट पाळतात, आणि जत्रा पांगली की आठवडाभर गावात घरोघरी बरगड्या शेकल्या जातात.

ऋतुजा खरमाटे हिने वयाच्या अकराव्या वर्षापासून ओळीने पाच घागरी जिंकल्या. पुढे ती शंभर मीटरची राष्ट्रीय विजेती झाली, आशियाई सुवर्णपदक घेऊन आली, चौथीच्या पुस्तकात तिच्यावर धडा आला. धड्यात त्या पाच घागरींचं मोठं रसाळ वर्णन आहे. कोपराबद्दल एक अक्षर नाही.

आता ती बावन्न वर्षांची होती आणि सागरेश्वराच्या डोंगराखाली मुलींची एक धावशाळा चालवत होती. मार्चमधल्या एका सकाळी मैदानावर तिच्या बारा मुली एकेक करून शंभर मीटर धावणार होत्या. चाळीस दिवस त्या अंगावर छापेचा पोशाख घालून धावल्या होत्या. आज तो उतरवून पहिल्यांदाच मोकळ्या अंगाने धावायच्या होत्या. ऋतुजाच्या शेजारी डॉ. ओवी दातार उभी होती. ती मज्जाशास्त्रज्ञ, हा पोशाख तिनेच बनवलेला, वय एकतीस, आणि उत्साह एवढा की शेजारी उभ्या असलेल्याला धाप लागावी.

पहिली आली आर्या शिंगाडे, जतकडच्या मेंढपाळाघरची पंधरा वर्षांची पोर. जानेवारीत तिला शंभर मीटरला बारा पूर्णांक सहा सेकंद लागत होते, आज बारा पूर्णांक एक लागले. ओवीने टाळ्या वाजवल्या. ऋतुजाचा ऊर भरून आला, कारण ती धाव ऋतुजाची होती. तीच ताठ मान, तसाच उंच उचललेला गुडघा. आपल्या तरुणपणाची पाठमोरी धाव आपल्याच डोळ्यांनी बघायला कुणाला मिळते?

दुसरी मेहेर मुजावर, आर्याच्या खोलीत राहणारी तिची मैत्रीण. तीही सुरेख धावली. फक्त शेवटाकडे तिचं डावं कोपर क्षणभर अंगापासून सुटलं आणि परत आत आलं. पोरगी दमली, ऋतुजाला वाटलं. तिसरीचंही सुटलं. चौथीचंही. पाचवीपासून ऋतुजा पावलं मोजायला लागली. कोपर अडतिसाव्या पावलाला बाहेर येत होतं. उंच मुलीचं जरा पुढे, बुटकीचं जरा मागे, पण पाऊल अडतिसावंच. बारावी मुलगी त्या जागी पोचली तेव्हा ऋतुजा खाली आपल्या बुटांकडे बघत होती.

"दिसलं का तुम्हाला, ताई?" ओवीने हळूच विचारलं. तिचे डोळे चमकत होते.

"काय?" ऋतुजा म्हणाली.

अठ्ठावीस वर्षांपूर्वीही एका माणसाने तिला याच कोपराबद्दल विचारलं होतं, आणि तेव्हाही ती आधी असंच "काय?" म्हणाली होती.

आता छाप म्हणजे काय ते सांगायला हवं. माणूस धावतो तेव्हा पाय धावतात, असा आपला समज असतो. खरं म्हणजे मेंदूतून आणि कण्यातून हुकमांचा एक लांबलचक धागा सुटत असतो: हा स्नायू आवळ, तो सैल सोड, आता चवडा टेक, आता खांदा मागे ने. हा धागा एकदा नीट विणला गेला की वर्षानुवर्षं टिकतो. वीस वर्षं सायकलला हात न लावलेला माणूस म्हणूनच पुन्हा बसला की चालवू लागतो. झोपलेलं कुत्रं पाय झाडतं, तेव्हा ते स्वप्नात पळत असतं. हुकूम खरोखरच सुटलेले असतात, फक्त कण्यापाशी त्यांची वाट अडवलेली असते, म्हणून पाय नुसते थरथरतात. ओवीच्या यंत्राने हेच हेरलं होतं. खेळाडूला अर्धवट झोपेत न्यायचं, त्याच्या जुन्या शर्यतीचा आवाज कानांत सोडायचा, आणि अंग न हलता आत जे हुकूम सुटतील ते अंगभर लावलेल्या संवेदकांनी टिपून घ्यायचे. ही झाली छाप. ती शिकणाऱ्याच्या पोशाखात भरली की पोशाख विजेच्या अगदी सौम्य चिमट्यांनी त्याच्या स्नायूंना सुचवत राहतो: आता हा, आता तो. चाळीस दिवसांत शिकणाऱ्याचं अंग तो धागा आपला म्हणून विणून घेतं. पोशाख ताकद देत नाही, ती ज्याची त्याची. तो फक्त रीत देतो.

जानेवारीत ऋतुजाची छाप घेतली, तेव्हा ओवीने तिच्या नऊ शर्यतींचे आवाज जमवून आणले होते. आठ शर्यतींना ऋतुजाच्या अंगाने जेमतेम उत्तर दिलं, आशियाई सुवर्णाच्या शर्यतीलासुद्धा. नवव्या शर्यतीला मात्र पडद्यावरच्या रेघा अशा उसळल्या की ओवी खुर्चीतून उठली. ती होती राष्ट्रीय निवड चाचणीची अंतिम फेरी. अकरा पूर्णांक शून्य आठ सेकंद, ऋतुजाच्या आयुष्यातली सर्वांत वेगवान धाव. हीच घेऊ ना, असं ओवीने विचारलं होतं.

नको म्हणायला एक शब्द पुरला असता. पण त्या आकड्याची ऋतुजाला अजून भूल होती. आपली सर्वांत चांगली धाव बारा मुलींच्या अंगात जाणार, या लोभापुढे तिला बाकीचं आठवलं नाही. किंवा आठवलं, आणि तिने नेहमीप्रमाणे त्याच्यावर गोधडी टाकली.

गोधडीखाली जे होतं ते असं. त्या शर्यतीत तिच्या डावीकडच्या लेनमध्ये गोंदियाकडची प्रणाली मडावी होती. आशियाई स्पर्धेसाठी जागा एकच, जी जिंकेल ती जाणार. सत्तर मीटरच्या पुढे प्रणाली वीतभर पुढे निघाली. ऋतुजाने ते पाहिलं. पुढच्या पावलाला तिचं डावं कोपर बाहेर आलं आणि प्रणालीच्या हातावर बसलं. प्रणाली तोल जाऊन पडली, मांडीमागचा स्नायू तुटला, आणि ती पुन्हा कधी शर्यतीत उतरली नाही. तिच्या प्रशिक्षकांनी तक्रार केली. कॅमेरे समोरून होते, हातावर हात दिसत होता, नक्की काय झालं ते ठरेना. तेव्हा मुख्य पंचांनी ऋतुजाला बोलावून विचारलं. "काय?" असं आधी म्हणून ती मग म्हणाली, "मला काही कळलंच नाही, सर. हात आपोआप गेला असेल." पंचांनी तिच्यावर विश्वास ठेवला. आरळेवाडीत तर प्रश्नच नव्हता. गावाने ती चित्रफीत चावडीवर लावली आणि सगळे म्हणाले, घागर आणलीच पोरीनं.

'एक दिवस सांगून टाकू' असा गूळ ती तेव्हापासून स्वतःच्याच कोपराला लावत आली होती.

ओवीने पंधरा दिवसांत त्या कोपराचं शास्त्र तयार केलं. शेवटच्या टप्प्यात दमलेलं धड किंचित वळतं, कोपर बाहेर टाकून ते सावरलं जातं, म्हणून ऋतुजाताई शेवटच्या वीस मीटरमध्ये अजिंक्य होत्या, असा तिचा सिद्धांत. तिने त्याला नावही दिलं, 'खरमाटे कोपर'. मुलींना ते फार आवडलं. जेवणाच्या रांगेत त्या एकमेकींना ढोसून "अडतीस!" म्हणायच्या आणि खिदळायच्या. एका वाहिनीची बातमीदार आली, तिने गुपित विचारलं. ऋतुजाने तिला जत्रेची गोष्ट सांगितली, आमच्याकडे कोपर चालतं म्हणाली, आणि सगळे हसले. ऋतुजाही हसली. हसता हसता तिला स्वतःची किळस आली, तरी ती हसत राहिली, कारण मधेच थांबली असती तर का थांबली ते सांगावं लागलं असतं.

पंधरा दिवस तिच्या हातात होते. रोज सकाळी ती ठरवायची, आज ओवीशी बोलायचं. रोज काहीतरी काम निघायचं. ते काम ती स्वतःच काढायची.

एप्रिलमध्ये विभागीय स्पर्धा होत्या. प्राथमिक फेऱ्यांत आर्या आणि मेहेर वेगवेगळ्या गटांत धावल्या, गटातल्या बाकीच्या मुली मागेच राहिल्या, काही घडलं नाही. अंतिम फेरीत मात्र मेहेर तिसऱ्या लेनमध्ये आली आणि आर्या चौथ्या. ऋतुजाने यादी वाचली. उठून जाऊन पंचांना सांगायला हवं, असं तिला वाटलं; पण काय सांगणार? का सांगणार? ती बसून राहिली. पिस्तूल वाजलं तशी ती पावलं मोजायला लागली. तिसाव्या पावलाला मेहेर जराशी पुढे होती. पस्तिसाव्याला ऋतुजा खुर्चीतून उठली. अडतिसाव्याला आर्याचं कोपर बाहेर आलं, मेहेरच्या दंडावर बसलं, आणि मेहेर खांद्यावर आपटून दोन कोलांट्या खात पडली.

मेहेरचं खांद्याजवळचं हाड मोडलं. आर्या पहिली आली आणि बाद झाली.

मंडपामागे बुटांच्या पिशवीवर आर्या बसली होती. रडून झालं होतं, आता नुसती हुंदके देत होती.

"मॅडम, मी न्हाई केलं. हात आपोआप गेला."

अठ्ठावीस वर्षांपूर्वीचेच शब्द. फरक एवढाच की ही पोर खरं बोलत होती.

"मला माहितीय गं," ती म्हणाली.

"पण मी आधी बघितलं," आर्या म्हणाली. "मेहेर पुढं हाय का ते बघितलं, आणि मग हात गेला. कशाला बघितलं मी? माझ्या मनातच आसंल ना काहीतरी. मी लई वाईट हाय का, मॅडम?"

इथे ऋतुजाला सांगता आलं असतं. आजूबाजूला कुणी नव्हतं, ती आणि ती पोर, एवढ्याच दोघी. ती म्हणाली, "रडू नको. पाणी पी." आणि पाण्याची बाटली तिच्या हातात देऊन मेहेरला बघायला निघून गेली. आयुष्यात तिने बरंच काही लाजिरवाणं केलं होतं, पण ती बाटली पुढे करणारा हात तिला पुढे सर्वांत जास्त आठवत राहिला.

दुसऱ्या दिवशी आर्याने ट्रंक भरली. घरी जाऊन मेंढरं राखते म्हणाली, वडिलांना निरोप धाडला. दवाखान्यात मेहेरला भेटायला ती गेली नाही. काय तोंड घेऊन जाऊ, असं तिने स्वयंपाकाच्या मावशींना विचारलं, आणि मावशींनी ते ऋतुजाला सांगितलं. तेव्हा कुठे ऋतुजा ओवीच्या खोलीत गेली.

"छापेतून ते कोपर काढून टाक," ती म्हणाली.

ओवी नेहमीसारखी उठली नाही. स्वेटरमधला मधलाच एक टाका कापला तर काय होतं ते ठाऊक आहे ना, असं तिने विचारलं. हा सगळा एक धागा आहे, पुढची दहा पावलं त्याच टाक्यातून निघतात. कापलं तर मुली अडखळून पडतील. मग तिने पडदा ऋतुजाकडे वळवला.

"काल मेहेर पडल्यावर मी छाप पुन्हा पाहिली," ती म्हणाली. "आपण डोळ्यांच्या स्नायूंचीही घेतो. चुकून धक्का लागला, तर आधी कोपर लागतं आणि मग माणूस बघतो. इथे उलटं आहे. सदतिसाव्या पावलाला डोळा डावीकडे जातो. मग पाव सेकंद काही नाही. मग कोपर." तिने आवाज खाली आणला. "पाव सेकंद पुष्कळ असतो, ताई. तेवढ्यात माणूस ठरवतो."

"हो," ऋतुजा म्हणाली.

एका अक्षराचा शब्द, पण तो तोंडाबाहेर पडायला अठ्ठावीस वर्षं लागली. ओवी तिच्याकडे बघत राहिली. मग तिने 'खरमाटे कोपर' असं लिहिलेला तक्ता भिंतीवरून काढला आणि गुंडाळी करून कपाटामागे उभा केला. ऋतुजाला वाटलं होतं, ओवी चिडेल. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खाली बघत होती, जणू तिचंच काहीतरी चुकलं होतं.

उपाय एकच आहे, असं ओवीने शेवटी सांगितलं. आठवण वर काढली की ती थोडा वेळ ओली असते, ताज्या सारवणासारखी. तेवढ्या वेळात तिच्यावर नवं बोट उमटू शकतं. ऋतुजाने तीच शर्यत त्याच आवाजावर मनात पुन्हा धावायची, कोपर आत ठेवून. खरंच तसं घडलं तर ती नवी छाप होईल, आणि मुलींच्या अंगात जुनीच्या जागी बसवता येईल.

ऋतुजा तीन दिवस छाप घ्यायच्या टेबलावर आडवी झाली. तिन्ही दिवस अडतिसाव्या पावलाला कोपर बाहेर आलं. तिसऱ्या दिवशी ती उठून बसली, डोक्यावरची संवेदकांची जाळी काढली आणि म्हणाली की मी मनापासून ठरवून धावते आहे, तरी असं का होतं?

"तुम्हाला अजून जिंकायचंय," ओवी म्हणाली. "कोपर आत ठेवायचं आणि जिंकायचंही, असं दोन्ही घेऊन तुम्ही धावता. त्या शर्यतीत ते दोन्ही एकदम मिळणार नव्हतं."

त्याच आठवड्यात ऋतुजा गोंदियाच्या गाडीत बसली. आर्याच्या वडिलांना तिने चार दिवस थांबायला सांगितलं. का ते सांगितलं नाही.

प्रणाली मडावी वनरक्षक होती. नवेगावच्या जंगलाकडे एका खेड्यात तिचं घर होतं, अंगणभर मोहफुलं वाळत घातलेली, आणि ती वाकून हाताने ती उलटीपालटी करत होती. उजवा पाय जरा ओढत होती. ऋतुजाला तिने पहिल्या नजरेत ओळखलं. ये, बस म्हणाली, पाणी दिलं, आणि पुन्हा फुलं उलटायला लागली. गाडीत दिवसरात्र जुळवलेली वाक्यं ऋतुजा एकदम विसरली.

"मी मुद्दाम मारलं," ती म्हणाली. "तुला बघितलं आणि मारलं."

"मले माहीत हाये," प्रणाली म्हणाली. "तुनं पाह्यलं तवा मीबी पाह्यलं तुह्याकडे. डोळ्यात डोळा पडला आपला."

हे ऋतुजाला माहीत नव्हतं. अठ्ठावीस वर्षं तिला वाटत होतं, की ती नजर तिची एकटीची होती.

"कोपराचं काही नाही," प्रणाली पुढे म्हणाली. "लागते धावताना. पण तू पंचाईसमोर म्हणली का मले कळलंच नाही. सगळ्याइनं ते खरं मानलं. माह्या मायनंबी इचारलं, पोरी, तू आपल्या मनानं तं नाही पडली? मंग मलेच वाटाले लागलं, का मी खोटी हावो का काय. किती वर्षं तसंच वाटे."

ऋतुजा खाली वाकली. प्रणालीने पाय मागे घेतले.

"पाय नको पकडू. पाय पकडले का मले माफ करा लागते."

ऋतुजा तशीच, अर्धवट वाकलेली, मोहफुलांत हात टेकून बसली. लाजेने तिचे कान तापले होते, लहानपणी शाळेत चोरी पकडल्यावर तापले होते तसे. मग तिने बारा मुलींचं सांगितलं, आर्याचं सांगितलं. ते ऐकताना मात्र प्रणालीचा हात थांबला. ती पोर स्वतःलाच वाईट म्हणते का, असं तिने पुन्हा पुन्हा विचारलं. मग उठून घरात गेली आणि पिशवी भरायला लागली.

"मले सांगून काय फायदा, मले ठाऊकच हाये," ती आतून म्हणाली. "त्या पोरीले सांग. मी मांगं उभी रायतो."

धावशाळेच्या मैदानावर मुली मांडी घालून बसल्या. मेहेर हात गळ्यात बांधून आली होती. आर्या सगळ्यांत मागे ट्रंकेवर बसली होती आणि फाटकापाशी तिचे वडील उभे होते. लिंबाच्या झाडाखाली एक अनोळखी बाई उभी होती. ती कोण ते कुणाला ठाऊक नव्हतं. ऋतुजाने धडा शिकवल्यासारखं पाल्हाळ लावलं नाही. निवड चाचणीचं सांगितलं, पंचांपुढे काय बोलली ते सांगितलं, मग म्हणाली, "आर्याचा हात खरंच आपोआप गेला. माझा गेला नव्हता. मी बघितलं, ठरवलं आणि मारलं. आणि मग खोटं बोलले. ती बाई तिथे उभी आहे."

बारा माना मागे वळल्या. प्रणाली जागची हलली नाही. मुली पुन्हा ऋतुजाकडे वळल्या तेव्हा त्यांच्या तोंडावर राग नव्हता. त्या गोंधळल्या होत्या. आपल्या बाईंना पहिल्यांदाच बघत असाव्यात तशा बघत होत्या. हेच बघणं टाळायला ऋतुजा अर्धं आयुष्य पळत आली होती.

"मग माझ्यात जे हाय ते तुमचं हाय?" आर्याने मागून विचारलं.

"हो."

"माझं न्हाई?"

"तुझं नाही."

आर्या उठली, सगळ्यांच्या मधून चालत गेली आणि मेहेरला खेटून बसली. ऋतुजाकडे तिने पाहिलं नाही.

दुपारी ऋतुजा चौथ्यांदा टेबलावर आडवी झाली. प्रणालीने स्टूल ओढलं आणि न सांगता तिच्या डाव्या हाताला बसली. कानांत जुनं मैदान भरलं, माणसांचा गलका, मग शांतता, मग पिस्तूल. पावलं सुटली. सदतिसाव्या पावलाला ऋतुजाचा डोळा डावीकडे गेला. प्रणाली तिथे होती, वीतभर पुढे, चोवीस वर्षांची. पुढचा पाव सेकंद फार लांब होता. त्यात घागरी होत्या, सुवर्ण होतं, चौथीचा धडा होता. ऋतुजाने ते सगळं एकवार पाहिलं, कोपर आत ठेवलं आणि प्रणालीला जाऊ दिलं.

ओवीने पडद्यावरचा आकडा वाचला. "अकरा पूर्णांक बारा. दुसऱ्या आलात, ताई."

ऋतुजाने डोळे उघडले तेव्हा स्टूल रिकामं होतं. प्रणाली बाहेर ओट्यावर बसून आर्याला सुरुवातीच्या ब्लॉकमधून कसं उठायचं ते दाखवत होती. संध्याकाळच्या गाडीने ती परत गेली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि ऋतुजाने विचारलं नाही.

पुढचं सगळं सरळ आहे. ऋतुजाने क्रीडा महासंघाला पत्र लिहिलं. निकाल बदलला. पदक परत गेलं, पुस्तकातला धडा गेला, धावशाळेच्या दारावरची नावाची पाटी उतरली. वर्तमानपत्रांनी आठवडाभर जे लिहायचं ते लिहिलं. आरळेवाडीचे लोक मात्र तावातावाने भांडायला आले, की कोपर तर चालतंच, यात लपवण्यासारखं काय होतं? त्यांची समजूत घालता घालता ऋतुजाला रडू फुटलं. शाळा आता दुसऱ्या बाई चालवतात. ऋतुजा मैदानावर ब्लॉक लावते, फक्कीच्या रेघा मारते, वेळ घेते.

नव्या छापेचे चाळीस दिवस झाले. मेहेरचं हाड सांधलं, तीही पोशाखात शिरली, आणि दिवाळीनंतर बारा जणी पुन्हा मोकळ्या अंगाने धावल्या. एकीचंही कोपर सुटलं नाही. पण सदतिसाव्या पावलाला प्रत्येक मुलगी डोळ्यांनी एकदा डावीकडे बघत होती आणि पुढे जात होती. तेवढ्याने सेकंदाचा शंभरावा भाग जातो. ओवीने ते काढायचा खूप प्रयत्न केला, आणि मग ऋतुजाला येऊन सांगितलं की निघत नाही. ते नुसतं त्या शर्यतीत विणलेलं नाही, ते नंतरच्याही अठ्ठावीस वर्षांत रोज थोडं थोडं विणलं गेलं आहे.

तेव्हापासून रोज सकाळी ऋतुजा मैदानाच्या डाव्या कडेला जाऊन उभी राहते. प्रत्येकीचं सदतिसावं पाऊल कुठे पडतं ते तिला पाठ झालं आहे. मुली धावत येतात, त्यांची नजर डावीकडे जाते, आणि तिथे ती असते.

अशाच एका सकाळी आधी आर्या आली. सदतिसाव्या पावलाला तिने पाहिलं. ऋतुजाने मान खाली घातली नाही. मग ती दोन हात मागे सरकून उभी राहिली, कारण आता मेहेर येणार होती आणि तिचं पाऊल जरा आखूड पडतं.